वाचायला की वाचणं? इंग्रजी क्रियापदांपुढचे ‘टू’ आणि ‘इंग’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आय एन्जॉय टू रीड’ असं कुणी म्हटलं तर अर्थ पोचतो, पण ऐकणाऱ्याला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. ‘आय एन्जॉय रीडिंग’ म्हटलं की होत नाही. ‘आय वॉन्ट रीडिंग’ म्हटलं की पुन्हा खडा. एका क्रियापदापुढे दुसरं आलं की त्या दुसऱ्याला ‘टू’ लावायचा की ‘इंग’, एवढाच हा प्रश्न. पण इंग्रजी बऱ्यापैकी लिहिणारी माणसंही इथे चाचपडतात, आणि मीही बरीच वर्षं चाचपडलो आहे. खालचे बहुतेक प्रश्न मला शिकवताना पुन्हा पुन्हा ऐकू आलेत. काही मीच स्वतःला विचारलेले आहेत. उदाहरणं मोठ्यानं वाचा. या बाबतीत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात.

जेरंड आणि इन्फिनिटिव्ह म्हणजे नेमकं काय?

जेरंड म्हणजे क्रियापदाला ‘इंग’ लावून केलेलं नाम: ‘स्विमिंग’, ‘रायटिंग’, ‘वेटिंग’. इन्फिनिटिव्ह म्हणजे काळाचा किंवा पुरुषाचा कसलाही प्रत्यय न लागलेलं मूळ रूप. त्याच्याआधी बहुधा ‘टू’ असतो: ‘टू स्विम’, ‘टू राइट’.

‘इंग’ दिसला की जेरंड, असं मात्र नाही. ‘शी इज स्विमिंग’ यात क्रिया चालू आहे, नाम नाही. ‘शी लाइक्स स्विमिंग’ यात नाम आहे, कारण ‘स्विमिंग’ काढून तिथे ‘म्युझिक’ ठेवलं तरी वाक्य उभं राहतं. पुढे मी सरळ ‘इंग-रूप’ आणि ‘टू-रूप’ असे शब्द वापरतो. पारिभाषिक नावांनी या विषयाची भीतीच जास्त वाढते.

आपल्याला हे एवढं अवघड का जातं?

कारण आपल्याकडे ‘-आयला’ आहे. प्रत्यय एक आणि कामं शंभर. पोहायला आवडतं, पोहायला शिकलो, पोहायला गेलो, पोहायला सांगितलं, पोहायला लावलं, पोहायला सुचवलं. सगळीकडे तेच रूप. ‘पोहायला’ म्हणजे ‘टू स्विम’ असं आपलं मन एकदा ठरवून टाकतं आणि मग तेच जिथे तिथे चिकटवतं. ‘लर्न’ आणि ‘टेल’ यांच्यापुढे ते नीट बसतं: ‘आय लर्न्ड टू स्विम’, ‘आय टोल्ड हिम टू स्विम’. ‘एन्जॉय’पुढे बसत नाही. ‘सजेस्ट’पुढे बसत नाही. ‘पोहायला गेलो’चं इंग्रजी ‘वेंट स्विमिंग’ होतं, आणि ‘पोहायला लावलं’ म्हणताना ‘टू’ मुळातच गायब: ‘मेड हिम स्विम’.

पण मराठी नुसती आडवीच येते असं नाही. आपल्या ‘-णं’ आणि ‘-आयचं’ या रूपांकडे जरा लक्ष द्या. बोलणं चालू ठेवलं, जाणं टाळलं, वाचणं संपवलं, भेटणं लांबणीवर टाकलं. यांची इंग्रजी क्रियापदं अनुक्रमे ‘कीप’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘पोस्टपोन’. चारही ‘इंग’ घेतात. आता हे पाहा: जायचं ठरवलं, यायचं कबूल केलं, घ्यायचा बेत केला. इथे ‘जाणं ठरवलं’ कानाला बरं वाटत नाही. यांची इंग्रजी क्रियापदं ‘डिसाइड’, ‘ॲग्री’, ‘प्लॅन’, आणि तिन्ही ‘टू’ घेतात. म्हणजे जे काम एखाद्या वस्तूसारखं हातात धरून टाळता, संपवता किंवा पुढे ढकलता येतं, तिथे मराठीलाही ‘-णं’ सुचतं. जे अजून व्हायचंय तिथे ‘-आयचं’. ही जोडी काही प्रत्येक वेळी जुळणार नाही (‘जायचं टाळलं’ असंही आपण म्हणतोच), पण अडलात तर आधी स्वतःच्या कानाला विचारून पाहा.

काही नियम आहे का, की नुसतं पाठ करायचं?

पक्का नियम नाही. कल आहे, आणि त्यामागे इतिहास आहे.

‘टू’ हा मुळात दिशेचा शब्द. ‘टू द डोअर’ म्हणजे दाराकडे. इ.स. ११००च्या आधीच्या जुन्या इंग्रजीत तो क्रियापदाच्या एका विभक्तिरूपाआधी यायचा आणि ‘त्या कामाकडे’ असा अर्थ द्यायचा. पुढे तो विभक्तिप्रत्यय झिजून गेला आणि ‘टू’ नुसती खूण म्हणून उरला, तरी दिशेचा वास त्याला अजून आहे. म्हणून ज्या क्रियापदांची नजर पुढे असते, इच्छा, बेत, वचन, आशा, तयारी, ती बहुतेक ‘टू’ मागतात.

‘इंग’चं मूळ वेगळं. जुन्या इंग्रजीत ‘उंग’ किंवा ‘इंग’ लावून क्रियापदापासून भाववाचक नाम बनायचं. चालू क्रियेसाठी तेव्हा ‘एंदे’ हा निराळाच प्रत्यय होता. नंतरच्या शतकांत दोन्ही रूपं मिसळून एकाच ‘इंग’मध्ये आली, आणि ‘हे नाम की चालू क्रिया?’ हा आपला गोंधळ तिथून सुरू झाला. पण नामाचा स्वभाव टिकला. जे घडलेलं आहे, घडतंय किंवा ज्याच्याकडे एक गोष्ट म्हणून पाहता येतं, ते ‘इंग’मध्ये जातं: उपभोगलं, टाळलं, संपवलं, कबूल केलं, नाकारलं.

कल कुठे तुटतो तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला धराल. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’ यांच्यातलं काम अजून व्हायचं असतं, तरी ती ‘इंग’च घेतात. ‘मॅनेज’मध्ये काम झालेलं असतं, तरी ‘ही मॅनेज्ड टू ओपन इट’. इथे पाठांतराला पर्याय नाही.

फक्त ‘इंग’ घेणारी क्रियापदं कोणती?

रोज लागणारी एवढी: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, कीप, माइंड, मिस, प्रॅक्टिस, सजेस्ट, कन्सिडर, इमॅजिन, डिनाय, डिले, पोस्टपोन, रिस्क, इन्व्हॉल्व्ह, डिसलाइक, क्विट. शिवाय ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘कॅरी ऑन’, ‘फील लाइक’ आणि ‘कान्ट हेल्प’ ही जोडशब्दांची मंडळी.

यातल्या ‘माइंड’कडे नीट पाहा. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ या प्रश्नाचा शब्दशः अर्थ ‘उघडायला तुमची हरकत आहे का?’ असा आहे. तेव्हा उघडणार असाल तर उत्तर ‘नो’ किंवा ‘नॉट ॲट ऑल’. उत्साहानं ‘येस’ म्हणून खिडकी उघडायला धावणारे मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होतो.

‘कान्ट हेल्प’चा मदतीशी संबंध नाही. ‘आय कुडन्ट हेल्प लाफिंग’ म्हणजे मला हसू आवरेना.

आणि फक्त ‘टू’ घेणारी?

वॉन्ट, विश, होप, डिसाइड, प्लॅन, ॲग्री, रिफ्यूज, प्रॉमिस, ऑफर, लर्न, मॅनेज, फेल, अफोर्ड, एक्स्पेक्ट, सीम, टेंड, प्रिटेंड, थ्रेटन, हेझिटेट, अरेंज.

‘अफोर्ड’च्या आधी बहुधा ‘कॅन’ किंवा ‘कान्ट’ असतो: ‘वी कान्ट अफोर्ड टू वेट’. ‘फेल’ म्हणजे दरवेळी नापास होणं नव्हे. ‘ही फेल्ड टू रिप्लाय’ म्हणजे त्यानं उत्तर दिलंच नाही.

‘स्टॉप’पुढे दोन्ही चालतात, मग फरक काय?

फरक मोठा आहे, आणि सुदैवानं मराठीत तो जसाच्या तसा आहे.

‘ही स्टॉप्ड टॉकिंग’: तो बोलायचा थांबला.
‘ही स्टॉप्ड टू टॉक’: तो बोलायला थांबला.

पहिल्यात बोलणं बंद झालं, दुसऱ्यात चालणं बंद होऊन बोलणं सुरू झालं. ‘बोलायचा’ आणि ‘बोलायला’ यांत फरक एका अक्षराचा, पण आपण कधी चुकत नाही. दुसऱ्या वाक्यातला ‘टू टॉक’ खरं तर हेतू सांगतो, ‘बोलण्यासाठी’. तो ‘स्टॉप’नं मागितलेला नाही, कोणत्याही क्रियापदापुढे असा येऊ शकतो.

अर्थ बदलणारी अशी आणखी कोणती?

मोजकीच आहेत, पण या सगळ्या विषयातला सर्वात मजेचा भाग हाच. यांच्यात प्रत्यय चुकला तर वाक्य चुकत नाही, वेगळंच काहीतरी सांगून मोकळं होतं.

‘रिमेंबर’ आणि ‘फर्गेट’ यांत काळाचा क्रम बदलतो. ‘आय फर्गॉट टू लॉक द डोअर’, म्हणजे कुलूप लावायला विसरलो. दार उघडंच आहे. ‘आय विल नेव्हर फर्गेट मीटिंग हर’, म्हणजे तिला भेटल्याचं कधी विसरणार नाही. भेट झालेली आहे. ‘रिमेंबर टू कॉल’ म्हणजे फोन करायची आठवण ठेव. ‘आय रिमेंबर कॉलिंग’ म्हणजे फोन केल्याचं आठवतंय. मराठीचे प्रत्यय पाहा: न झालेल्या कामाला ‘-आयला’ किंवा ‘-आयची’, झालेल्या कामाला ‘-ल्याचं’. जिथे ‘-ल्याचं’ येतंय तिथे डोळे मिटून ‘इंग’ लिहा.

‘रिग्रेट’ही याच घरातलं. ‘आय रिग्रेट टू से’ म्हणजे सांगायला वाईट वाटतं, पण सांगतो. ‘आय रिग्रेट सेइंग इट’ म्हणजे बोललो त्याचा पश्चात्ताप होतोय. नकाराची पत्रं ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ अशी सुरू होतात. तिथे चुकून ‘इन्फॉर्मिंग’ लिहिलं तर ‘तुम्हाला कळवलं हीच आमची चूक झाली’ असा अर्थ निघेल.

‘ट्राय’साठी आपल्याकडे दोन वेगळे वाक्प्रयोगच आहेत. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’: खिडकी उघडायचा प्रयत्न केला, ती घट्ट बसली होती. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’: खिडकी उघडून पाहिली, तरी उकडतच होतं. मराठीतलं ‘करून पाहणं’ म्हणजे इंग्रजीतलं ‘ट्राय’ अधिक ‘इंग’. ‘करायचा प्रयत्न’ म्हणजे ‘ट्राय’ अधिक ‘टू’.

‘गो ऑन’चंही तसंच. ‘शी वेंट ऑन टॉकिंग’, ती बोलतच राहिली. ‘शी वेंट ऑन टू टॉक अबाउट हर वर्क’, आधीचा विषय संपवून मग ती आपल्या कामाबद्दल बोलली.

‘मीन’: ‘आय मेंट टू कॉल यू’ म्हणजे फोन करायचं मनात होतं. ‘दॅट मीन्स वेटिंग’ म्हणजे आता थांबणं आलं. हे आपलं ‘थांबणं आलं’ मला ‘मीन्स वेटिंग’पेक्षाही नेमकं वाटतं.

लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन… यांना काहीही चालतं ना?

जवळजवळ. ‘आय लाइक स्विमिंग’ आणि ‘आय लाइक टू स्विम’ दोन्ही बरोबर. बारीक छटा अशी की करताना मजा येते म्हणून आवडत असेल तर ‘इंग’ जास्त सहज वाटतं. मजा येत नसली तरी बरं म्हणून, सवयीनं करतो असं असेल तर ‘टू’: ‘आय लाइक टू चेक एव्हरीथिंग ट्वाइस’. दोनदा तपासण्यात कुणाला आनंद होत नाही, पण तपासलेलं बरं असतं.

‘वुड’ आला की मात्र निवड संपली. ‘वुड लाइक’, ‘वुड लव्ह’, ‘वुड प्रिफर’ यांच्यापुढे ‘टू’च. ‘आय वुड लाइक मीटिंग यू’ नको.

‘स्टार्ट’, ‘बिगिन’, ‘कंटिन्यू’ यांना खरंच दोन्ही चालतात. पण ‘स्टार्ट’लाच ‘इंग’ लागला असेल तर लागोपाठ दोन ‘इंग’ टाळतात: ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’. आणि कळणं, जाणवणं अशा मनाच्या स्थितीसाठी ‘टू’ बरा: ‘आय बिगॅन टू अंडरस्टँड’.

‘लुकिंग फॉरवर्ड टू’पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

‘मीटिंग’. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

मी स्वतः कितीतरी पत्रांच्या शेवटी ‘टू मीट यू’ लिहिलंय. ‘टू’ दिसला की मूळ रूप, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की हात थांबतच नाही. पण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हची खूण. दुसरा जुना, दिशेचा, साधा शब्दयोगी, ‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’ यांच्या पंगतीतला. शब्दयोगीनंतर नाम लागतं, आणि क्रियापदाचं नाम म्हणजे इंग-रूप. ‘लुक फॉरवर्ड’मधला ‘टू’ हा दुसरा आहे.

तो कोणता हे ओळखायची एक सोपी युक्ती: ‘टू’नंतर ‘इट’ (‘ते’ या अर्थाचा, खाण्याचा नव्हे) ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ छान उभं राहतं. म्हणजे ‘इंग’. ‘आय वॉन्ट टू इट’ कोसळतं. म्हणजे मूळ रूप. ही युक्ती ‘ऑब्जेक्ट टू’, ‘गेट यूज्ड टू’, ‘कमिटेड टू’, ‘डेडिकेटेड टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘व्हेन इट कम्स टू’ या सगळ्यांना लागू पडते. या सगळ्यांपुढे ‘इंग’.

‘प्रिफर’मध्ये तर एकाच क्रियापदाला दोन्ही ‘टू’ भेटतात. ‘आय प्रिफर टू वॉक’ यातला पहिल्या प्रकारचा, ‘आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’ यातला दुसऱ्या.

‘यूज्ड टू लिव्ह’ आणि ‘यूज्ड टू लिव्हिंग’ यांत कोणतं बरोबर?

दोन्ही, पण ती वेगळी वाक्यं आहेत. ‘आय यूज्ड टू लिव्ह अलोन’: मी पूर्वी एकटा राहायचो. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’: मला एकटं राहायची सवय आहे. मध्ये ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘गेट’ असेल तर सवय, आणि पुढे ‘इंग’. काही नसेल तर ‘राहायचो’.

तिसरंही एक आहे, ‘धिस टूल इज यूज्ड टू कट पेपर’: हे अवजार कागद कापायला वापरतात. इथे ‘यूज’ म्हणजे साधं वापरणं. ‘इज यूज्ड टू’ पाहून गडबडून ‘कटिंग’ लिहू नका, नाहीतर अवजाराला कागद कापायची सवय जडेल.

‘त्यानं तिला जायला सुचवलं’ याचं इंग्रजी काय?

‘ही सजेस्टेड हर टू गो’ नव्हे, हे आधी. मराठी बोलणाऱ्याच्या इंग्रजीतली ही मला सर्वात जास्त वेळा भेटलेली चूक. मराठीत ‘सांगितलं’ आणि ‘सुचवलं’ यांची रचना सारखी, म्हणून आपण ‘टोल्ड हर टू गो’च्या साच्यात ‘सजेस्टेड’ ओततो. इंग्रजीत ‘सजेस्ट’ला माणूस असा थेट जोडता येत नाही.

मार्ग दोन. ‘ही सजेस्टेड दॅट शी गो’ किंवा ‘दॅट शी शुड गो’. पहिल्यात ‘गो’च आहे, ‘गोज’ नाही, आणि ती छपाईची चूक नाही. सूचना, मागणी, आग्रह यांच्यापुढे हे बिनप्रत्ययाचं रूप येतं. दुसरा मार्ग ‘ही सजेस्टेड गोइंग’. त्यात कोण जाणार हे उघडं राहतं, कदाचित सगळे. ‘रेकमेंड’लाही हीच दोन रूपं वापरलीत तर कुठे अडायचं नाही.

‘ॲडव्हाइज’ आणि ‘अलाउ’ कधी ‘टू’ घेतात, कधी ‘इंग’. का?

मध्ये माणूस आहे का ते पाहा. माणूस असेल तर ‘टू’: ‘दे डोन्ट अलाउ पीपल टू पार्क हिअर’. माणूस नसेल तर ‘इंग’: ‘दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर’. ‘ॲडव्हाइज’ आणि ‘परमिट’ यांचंही हेच.

लेट, मेक, हेल्प?

‘लेट’ आणि ‘मेक’ यांना ‘टू’ नको, ‘इंग’ही नको. ‘लेट हिम गो’, त्याला जाऊ दे. इथे मराठीतलं आखूड ‘जाऊ’ आणि इंग्रजीतलं उघडं ‘गो’ अगदी जोडीनं चालतात. ‘मेक’ला ती सोय नाही. ‘त्याला थांबायला लावलं’ म्हणताना ‘-आयला’ येतो आणि ‘मेड हिम टू वेट’ निसटतं. बरोबर रूप ‘मेड हिम वेट’. पण कर्मणी केलं की ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज मेड टू वेट’. याचं तर्कशुद्ध कारण विचारू नका.

‘हेल्प’ला ‘टू’ असला तरी चालतो, नसला तरी चालतो.

‘शिकण्यासाठी आलो’ म्हणजे ‘केम फॉर लर्निंग’ ना?

नाही, ‘केम टू लर्न’. ‘-साठी’ दिसला की ‘फॉर’ लिहायचा मोह होतो, पण माणसाचा हेतू सांगायला इंग्रजीत टू-रूपच लागतं.

‘फॉर’ अधिक ‘इंग’ची जागा दुसरी. वस्तूचा उपयोग सांगताना तो येतो: ‘धिस इज फॉर कटिंग पेपर’. आणि आभार, माफी, ठपका अशा ठिकाणी, जिथे ‘-बद्दल’ असतं, तिथे येतो: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘सॉरी फॉर बीइंग लेट’.

शब्दयोगीनंतर नेहमी ‘इंग’च का?

हो. ‘विदाउट आस्किंग’, ‘आफ्टर ईटिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘गुड ॲट ड्रॉइंग’. सुटतात ते ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ यांसारखे मोजकेच: ‘वी कुड डू नथिंग बट वेट’. एरवी या सगळ्या विषयात पक्का म्हणावा असा नियम हाच.

‘अफ्रेड’मध्ये त्यामुळे एक गंमत होते. ‘अफ्रेड टू जंप’ म्हणजे उडी मारायला घाबरतो, म्हणून मारत नाही. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे पडेन अशी भीती. पडायचं कुणी ठरवत नाही, म्हणून तिथे ‘टू फॉल’ विचित्र लागतं.

‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ असं कसं? शर्ट धुणार आहे का?

शर्ट धुतला जाणार आहे. ‘नीड’पुढचं इंग-रूप कर्मणी अर्थ देतं. ‘नीड्स टू बी वॉश्ड’ म्हणा किंवा ‘नीड्स वॉशिंग’, एकच. मराठीत ‘शर्ट धुवायला हवा’ म्हणताना आपणही कुठे ‘धुतला जायला हवा’ म्हणतो? माणूस कर्ता असेल तर मात्र ‘टू’: ‘आय नीड टू वॉश द शर्ट’.

‘सॉ हिम क्रॉस’ आणि ‘सॉ हिम क्रॉसिंग’?

‘क्रॉस’ म्हटलं तर त्यानं रस्ता पूर्ण ओलांडलेला मी पाहिला. ‘क्रॉसिंग’ म्हटलं तर ओलांडताना पाहिलं. पलीकडे पोचला की नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. साक्ष देताना हा फरक महागात पडू शकतो. ‘हिअर’, ‘वॉच’, ‘फील’ यांनाही हे लागू. जाता जाता: हे इंग-रूप जेरंड नव्हे, चालू क्रियेचं.

‘नॉट’ कुठे ठेवायचा?

रूपाच्या आधी. ‘ही डिसायडेड नॉट टू गो’, ‘आय रिग्रेट नॉट गोइंग’. ‘ही डिडन्ट डिसाइड टू गो’ म्हणजे त्यानं जायचं ठरवलं नाही, अजून काहीच ठरलेलं नसेल. ‘डिसायडेड नॉट टू गो’ म्हणजे न जायचं ठरवलं.

‘हिज गोइंग’ की ‘हिम गोइंग’?

‘डू यू माइंड हिज जॉइनिंग अस?’ औपचारिक लेखनात. बोलताना ‘हिम जॉइनिंग’ सर्रास. परीक्षेत पर्याय दिले असतील तर ‘हिज’ निवडा, गप्पांत ‘हिम’. दोन्हींवर भांडायला माणसं तयार असतात, आपण त्यात पडू नये.

‘ॲडमिटेड टेकिंग’ पुरेसं आहे की ‘हॅविंग टेकन’ लिहायचं?

पुरेसं आहे. कबुली झालेल्या गोष्टीचीच असते, त्यामुळे ‘टेकिंग’मधून भूतकाळ आपोआप कळतो. ‘हॅविंग टेकन’नं फक्त वजन वाढतं. टू-रूपाला ही सवलत नाही. ‘ही सीम्स टू टेक इट’ आणि ‘ही सीम्स टू हॅव टेकन इट’ यांचे काळ वेगळे. दुसऱ्यात घेऊन झालंय.

‘वर्थ’, ‘बिझी’, ‘नो यूज’?

तिन्हींपुढे ‘इंग’: ‘वर्थ सीइंग’, ‘बिझी रायटिंग’, ‘इट्स नो यूज आर्ग्युइंग’. ‘स्पेंड टाइम’ आणि ‘हॅव डिफिकल्टी’ यांनाही याच ओळीत बसवा.

पाठ कसं करायचं?

नुसती यादी घोकू नका. ‘अव्हॉइड म्हणजे टाळणे’ असं लिहून ठेवलंत की प्रत्यय हरवतो. त्याऐवजी वहीत ‘अव्हॉइड डूइंग’, ‘रिफ्यूज टू डू’, ‘सजेस्ट डूइंग’, ‘मेक समवन डू’ असं शेपटीसकट लिहा. शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी शब्दकोश प्रत्येक क्रियापदाखाली असाच साचा आणि उदाहरण देतात. अर्थ पाहायला पान उघडलंत की नजर एक ओळ खाली न्या. मग त्या साच्याचं स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य करा. मला ‘रिस्क’ कायमचं आठवलं ते ‘आय कान्ट रिस्क मिसिंग द ट्रेन’ हे वाक्य एका सकाळी खरोखरच म्हणावं लागलं तेव्हा.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घातला तर चालतो का?

चालतो. १९व्या शतकातल्या काही व्याकरणकारांनी त्याला नाकं मुरडली आणि ती नापसंती पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. पण ‘टू रिअली अंडरस्टँड’ हे ‘रिअली टू अंडरस्टँड’पेक्षा स्वच्छ वाचलं जातं. फारच कडक परीक्षकाकडे पेपर जाणार असेल तर तेवढ्यापुरता तो शब्द वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवा.